अक्काच्या लग्नाची अमावस्या

मागच्या उन्हाळ्यात मी कमलनगरला बसून कारवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघत होते. तव्यावर भाकरी टाकून बघायचे, जीपमध्ये बसले की बघायचे, अप्पांच्या छपाईच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतानाही बघायचे. त्या वेळा बदलणार नाहीत हे मला माहीत होतं. भरतीचा तक्ता वर्षभराचा आधीच तयार असतो. तरी फोन खाली ठेवला की हात परत त्याच्याकडंच जायचा.

आमच्याकडं समुद्र नाही. तो बघायचा तर आधी बीदर गाठायचं, मग रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि उजाडल्यावरही तो लगेच दिसेल याचा भरवसा नाही. दुकानासमोर ज्यांचं किराणा दुकान आहे त्या शेटनी एकदा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून विचारलं, "काय बघायलीस गं सारखं? सोन्याचा भाव व्हय?"

"भरती बघायलेय."

"कशाची? पोलिसाची का तलाठ्याची?"

"समुद्राची."

शेट गेले, पण संध्याकाळपर्यंत बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही कळलं होतं की अण्णांची, म्हणजे आमच्या अप्पांची, धाकटी पोरगी समुद्र बघायलीय.

आमचं घर पत्रकांचं. अप्पा दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका छापतात आणि त्याच यंत्रावर रिकाम्या वेळी स्वतःची पत्रकं काढतात. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, मुहूर्ताविरुद्ध. मी पाढे लिहिले ते बिघडलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. नीट चालायला लागल्यापासून औरादच्या बाजारात आणि भालकीच्या स्टँडवर ती वाटत आले. कुणी पत्रकाचा बोळा करून टाकला की तो उचलायचा, सरळ करायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, असं अप्पांनी शिकवलं होतं. गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवर ते मुहूर्त छापतात, कारण पोट आहे. जन्मपत्रिका मात्र कुणाची छापत नाहीत. कितीही पैसे दिले तरी.

आणि आमच्या घरात शुभकार्य अमावस्येला होतं. अप्पा-अव्वांचं लग्न अमावस्येचं, दुकान उघडलं ते अमावस्येला, माझं नाव ठेवलं तेही अमावस्येला. अप्पांचा साधा सवाल होता. वेळ अमावस्येच्या सणाला हा सगळा मुलूख शेतात जाऊन भज्जी नि आंबील खातो, तेव्हा अमावस्या वाईट नसते, मग लग्नाच्या दारात आली की तीच वाईट कशी होते? अडचण एकच होती. घरात पंचांग नाही, तिथी छापलेलं कॅलेंडरही नाही, त्यामुळं अमावस्या कधी ते बघायला शेटच्या दुकानात जावं लागायचं. शेट गल्ल्याखालून पंचांग काढून पुढं सरकवायचे. "घ्या अण्णा. गावात तुमच्याइतकं ह्याला कुणीच वापरत न्हाई."

अक्का माझ्याहून मोठी. ती सरकारी हायस्कुलात कन्नड शिकवते आणि तिची पहिलीच नेमणूक कारवारकडं झाली. वर्ष व्हायच्या आत तिचं तिथल्याच एका गणिताच्या शिक्षकाशी जमलं. जात वेगळी, घरची भाषा कोकणी, हुंड्याचं नाव नाही. अप्पांना आणखी काय पाहिजे होतं! त्यांनी त्या घरालाही आपला एक नियम लावला. मुलीच्या बापानंच मांडव घालायचा ही सक्ती मोडायची, म्हणून लग्न मुलाच्या अंगणात. ते अंगण खाडीपलीकडं, वाळूच्या एका पट्ट्यावर आहे आणि तिथं जायला दगडांचा एक लांब बांध आहे, एवढं आम्हाला अक्काच्या फोटोंवरून माहीत होतं. तारीख ठरवली अप्पांनी. मे महिन्यातली अमावस्या, म्हणजे शाळांना सुट्टी. वेळ भर दुपारची, म्हणजे उजेडात, सगळ्यांच्या देखत.

दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. त्या अंगणवाडीत काम करून निवृत्त झालेल्या, बोलणं हळू, मराठीला कारवारी हेल. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"भाऊ, बाकी सगळं तुमच्या मनासारखं होऊ दे. पण अमावस्येला नको. दुपारी तर नकोच नको."

"बरं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. स्वच्छ होता तो.

अव्वानं स्वयंपाकघरातून विचारलं, "कामून नको म्हणायल्यात?"

"कामून म्हंजे? अमावस्या म्हणून."

"तसं म्हणाल्या का त्या?"

तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मी तर तोवर अक्काला भलामोठा मेसेज लिहून पाठवला होता. शिकलेल्या घरात हे, गणित शिकवणाऱ्याच्या घरात हे, वगैरे. अक्काही याच घरात वाढलेली. तिनं तो मेसेज वाचला आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या गणिताच्या शिक्षकाशी भांडली. तुमची आई अजून अमावस्या-पौर्णिमा पाळते का, असं तिनं विचारलं. त्यानं समोरची वही मिटली. मग म्हणाला, "माझी आई तुम्हाला अडाणी वाटत असेल तर राहू दे." त्यानंतर तो तिच्याशी बोलेना.

अक्काचा रात्री फोन आला तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. "रोज एकाच टेबलाला बसायलोय आम्ही. तो वह्या तपासायलाय, मी वह्या तपासायलेय. मी काय करू सांग."

अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "अमावस्येला भिणाऱ्या घरात माझी पोरगी जाणार न्हाई." त्यांनी आवाज चढवला नव्हता. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं; चढलेला आवाज उतरतो तरी. पत्रिकेचा मजकूर जुळवून तयार होता, तो त्यांनी बाजूला ठेवला.

मी ठरवलं, एक जबरदस्त पत्रक लिहायचं. अमावस्या म्हणजे काय हे असं समजावून सांगायचं की कारवारपर्यंत आवाज गेला पाहिजे. चंद्र-सूर्य एका बाजूला येतात, यापलीकडं त्यात काही नाही, हे सांगायला माहिती गोळा करत होते. ती शोधताना एका पानावर भरतीचा तक्ता निघाला. बंदराचं नाव निवडायचं, तारीख टाकायची, की पाणी कधी चढणार नि कधी उतरणार ते समोर येतं. मी गंमत म्हणून कारवार निवडलं आणि अक्काच्या लग्नाचीच तारीख टाकली. त्या दिवशीची मोठी भरती दुपारच्या तोंडावर होती. मग आधीचे आणि नंतरचे दिवस बघितले. आठवडाभर अलीकडं-पलीकडं पाणी इतकं चढत नव्हतं. सगळ्यात वर चढत होतं ते अमावस्येच्या आसपास.

मी लगेच अक्काला फोन लावला. "अक्का, तो बांध पाण्याखाली जातो का?"

तिच्या पाठीमागं शाळेची घंटा वाजत होती. मग म्हणाली, "एकदा मी त्यांच्या घरून निघत होते. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, बस गं, पाणी उतरू दे. मला वाटलं, चहासाठी थांबवायल्यात."

"त्या दिवशी अमावस्या होती का?"

"मला काय म्हाईत! आपल्या घरात कुणाला कळती का तिथी?"

संध्याकाळी दुकानात मी तो तक्ता अप्पांपुढं धरला. म्हणाले, शांतपणे सांग. मी शांतपणे सांगू शकले नाही. अमावस्येला नि पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, तो बांध दुपारी बुडलेला असेल, आपले सगळे पाहुणे अलीकडच्या काठावर उभे राहतील, त्या बाईनं हेच सांगितलं होतं, हे सगळं एका दमात बोलून गेले.

अप्पांनी तक्त्यातले आकडे बघितले. "हे पुढल्या महिन्याचं आजच लिहिलंय?"

"वर्षाचं लिहिलंय."

"म्हंजे भाकीतच की. हे आन् शेटचं पंचांग, फरक काय?"

शेट तिथंच झेरॉक्सला आले होते. त्यांना तर पर्वणीच. "अण्णा, समुद्राला बी साडेसाती असती का बघा की त्यात!"

मला राग आला. ज्या माणसानं मला प्रश्न विचारायला शिकवलं, तोच आता पुराव्यावर संशय घेत होता. आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न चुकीचाही नव्हता. मी त्या पानावर विश्वास का ठेवला? आकडे छापलेले दिसले म्हणून. शेटही तेच करतात.

"मंग तपासू या," मी म्हणाले. "उद्याची वेळ हाय ह्यात. अक्का बांधावर जाऊन बघंल. पाणी त्या वेळेला चढायचं थांबलं तर खरं, न्हाई तर खोटं."

अप्पांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. परीक्षा त्यांना कायम आवडते. "आन् खोटं निघालं तर? अमावस्येचीच तारीख, दुपारचीच वेळ. त्यांना मान्य असंल तर लग्न, न्हाईतर न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हणाले. नंतर रात्रभर मला झोप नाही. आठवड्यापूर्वी ज्याचं नावही माहीत नव्हतं अशा तक्त्यावर मी अक्काचं लग्न पणाला लावून बसले होते.

दुसरा दिवस रविवार. अक्का खडूचा डबा घेऊन बांधावर गेली आणि तिनं व्हिडिओ कॉल लावला. दुकानात अप्पा, मी, शेट, आणि लग्नपत्रिका न्यायला आलेले उदगीरकडचे दोघं. फोन शाईच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर काळपट दगड दिसत होते, त्यावर अक्कानं मारलेल्या खडूच्या रेघा, आणि खाली हलणारं मळकट पाणी. एक रेघ बुडली, की अक्का वरची दाखवायची.

तक्त्यातली वेळ झाली. पाणी थांबलं नाही. आणखी एक रेघ बुडली, मग आणखी एक.

"वेळ टळली," शेट म्हणाले. "पंचांग बरं की वो ह्याच्यापरीस!"

उदगीरकडचे दोघं हसले. अप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते आणि मी पडद्याकडं. माझे कान तापले होते. अक्का नुसती वरची रेघ दाखवत होती.

तेवढ्यात पडद्यात आणखी दोन पाय आले. रबरी चपला, दुमडलेली पँट. घर बांधाच्या टोकालाच असल्यामुळं गणिताच्या त्या शिक्षकानं तिला खिडकीतून बघितलं असणार.

"काय करतेस इथं उन्हात?"

"पाणी तपासतेय."

"खडूनं?"

"अप्पांना वेळ बघायचीय. तक्त्याप्रमाणं भरती कधीच संपायला पाहिजे होती."

रबरी चपला एका रेघेशी येऊन थांबल्या. मग तो हसला. बरेच दिवस न हसलेला माणूस हसतो तसं, फुटल्यासारखं. "अगं, तो तक्ता बंदराचा आहे. इथं आत खाडीत पाणी यायला उशीर लागतो. थांब जरा."

सगळे थांबले. शेटसुद्धा. आणि मग एक रेघ पाण्याच्या काठाशी येऊन तशीच राहिली. पाणी तिला शिवायचं, मागं व्हायचं, पण ओलांडायचं नाही. थोड्या वेळानं तिच्याखाली दगडाची एक ओली पट्टी दिसायला लागली.

अप्पांनी फोन हातात घेतला. "म्हंजे तुमच्या तक्त्यात चूक हाय."

"चूक नाही, जागा वेगळी आहे," तो म्हणाला. त्याला आता कळलं की पडद्यापलीकडं सगळं दुकान आहे. त्यानं आवाज सावरला. "हा उशीर रोज तेवढाच असतो, उद्याही बघा. आणि वारा जोराचा सुटला तर बंदरालाही वेळ चुकते, उंचीही चुकते. तसं खाली लिहिलेलं असतं."

अप्पांनी ते पान पुन्हा उघडायला लावलं. तळाशी बारीक अक्षरात खरंच लिहिलं होतं की हे अंदाज आहेत, वारा नि हवामानामुळं प्रत्यक्षात फरक पडू शकतो. मी ते वाचलंच नव्हतं. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाशी धरून वाचलं. मग शेटकडं वळून म्हणाले, "तुमच्या पंचांगात कुठं लिहिलंय का, आमचं चुकू शकतं म्हणून?"

"त्यात कशाला लिहितील?"

"तेच तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्काला परत बांधावर पाठवलं, तिसऱ्या दिवशीही. उशीर तेवढाच निघाला. तिन्ही दिवस तो तिच्याबरोबर उभा होता, हे अक्कानं मला वेगळं सांगितलं.

तरी मुलाच्या आईला फोन करायला अप्पांना चार-पाच दिवस लागले. फोन उचलायचे, ठेवायचे, यंत्राला तेल घालायचे. शेवटी अव्वानंच नंबर लावून त्यांच्या हातात दिला.

"बाई," अप्पा म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात तेव्हा मी कारण इचारलं न्हाई. मला वाटलं, तुम्ही अमावस्या पाळता."

"पाळते की. पाळावीच लागते. न पाळून जाणार कुठं, बांध बुडलेला असतो." त्या हसत होत्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. एवढी मोठी भरती असते, कुणाला माहीत नसते?"

"आमच्याकडं समुद्र न्हाई."

"मग तुमच्याकडं अमावस्येला काय होतं?"

"काहीच होत न्हाई."

"काहीच होत नाही, तर ती तुम्हाला एवढी कशाला हवी?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. अप्पा उत्तर द्यायला गेले. त्यांचा हात पत्रकांच्या गठ्ठ्याकडं गेला. या प्रश्नावरची निदान वीस तऱ्हेची पत्रकं मी स्वतः वाटली होती, आणि मलाही त्या बाईला सांगण्याजोगं एक वाक्य सापडेना. ते सगळं आमच्या बाजारासाठी लिहिलेलं होतं. खाडीपलीकडच्या बाईला त्यातलं काय द्यायचं?

"तारीख तुम्ही सांगा," अप्पा म्हणाले. "तुम्ही आन् पोरं मिळून."

मी तिथल्या तिथं भडकले. तक्ता माझ्याजवळ होता, मार्गही होता. अमावस्याच ठेवायची आणि लग्न संध्याकाळी लावायचं, तेव्हा ओहोटी असते, बांध उघडा असतो. म्हणजे त्यांचंही राहील, आपलंही. तारीख बदलली तर शेट सगळ्या गावाला सांगतील की अण्णांना शेवटी अमावस्या नडली. अप्पा म्हणाले, "आन् जेवणं झाल्यावर? रात्री पाणी परत चढंल. आपली म्हातारी माणसं अंधारात बांधावरून आणशील का तू?"

मी अक्काला फोन केला. ती माझ्या बाजूनं बोलेल, याची मला खात्री होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पत्रक काढायचंय का तुला?"

"तसं न्हाई अक्का, पण—"

"मग लग्न माझंय. माझ्या सासूला त्या दिवशी पाण्याकडं बघत बसायला लागू नये, एवढंच मला पाहिजे."

तिनं 'सासू' म्हटलं, तेव्हा मी वाद सोडला. पटलं म्हणून नव्हे. आजही पूर्ण पटलेलं नाही.

तारीख निघाली अष्टमीच्या आसपासची. त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. तिकडचे लोक त्याला भांग म्हणतात, असं अक्का म्हणाली. अप्पांनी पत्रिका छापल्या. मी शेटच्या दुकानात द्यायला गेले तर त्यांनी तारीख वाचली, पंचांग काढलं आणि बोट फिरवत म्हणाले, "अगं, ह्या दिवशी बी मुहूर्त न्हाई! अण्णांनी अमावस्या सोडली ती सोडली, पण धरलं ते बी काही चांगलं न्हाई." मला हसू आलं. पण घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी नुसतं "असंल" म्हटलं. ते वाऱ्याचा अंदाज बघत होते.

लग्नाला आमच्याकडची एक बस भरून गेली. शेटही आले, पहिल्या रांगेतली सीट धरून. आम्ही पोचलो तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी बरंच खाली, दगड कोरडे, वर ऊन. अव्वा, कमरेत वाकलेली मोठी मावशी, लेकरं, सगळे हातात पिशव्या घेऊन पायीच पलीकडं गेले. मुलाच्या आई बांधाच्या टोकाशी उभ्या होत्या. त्यांनी अव्वाच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी बोलत बोलत अंगणाकडं गेल्या.

लग्न लागलं. अक्का हसत होती आणि तिचा नवरा तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता.

जेवणं झाल्यावर शेट पान चघळत बांधावर येऊन उभे राहिले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दुपार कलत आली होती. पाणी जिथं होतं तिथंच, दगडांच्या पोटाशी, एखाद्या तळ्यासारखं पडून होतं.

"अण्णा," ते मोठ्यानं म्हणाले, पाच-पन्नास माणसांना ऐकू जाईल असं, "कुठंय वो तुमचं पाणी? एवढ्याशा पाण्यासाठी अमावस्या सोडली व्हय?"

आमचे लोक हसले. शेटना दाखवायला काहीही नव्हतं. ते जे पाणी म्हणत होते ते त्या दिवशी आलंच नव्हतं, येणारही नव्हतं, म्हणून तर आम्ही सगळे तिथं कोरड्या पायांनी उभे होतो. मी फोन बाहेर काढला. तक्ता उघडून अमावस्येचे आकडे त्यांच्या तोंडापुढं धरायचे, बांधावर उभं राहून सगळ्यांना सांगायचं, असं सगळं ओठांवर आलं होतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. ते शेटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, बस सुटायचीय," आणि त्यांना घेऊन चालायला लागले.

मी फोन तसाच हातात धरून मागं राहिले. अक्का अंगणाच्या कडेला उभी राहून हात हलवत होती. मग तिला आतून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.